उत्तमरावांच्या सेव्हिलमधल्या चकरा

उत्तम सोमकुवर माझे शेजारी. मधे एक गल्ली आणि एक हापशी, एवढंच अंतर. चाळीस वर्षं त्यांनी सौंसरच्या आसपासच्या पन्हेऱ्यांमध्ये संत्र्याचे डोळे बांधले. पन्हेरी म्हणजे रोपवाटिका. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. आधी जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, रोप वाढवायचं, वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा त्यात बसवायचा आणि पट्टीनं आवळून टाकायचा. डोळा धरला की वर संत्रा आणि खाली जंबेरीचा खुंट. त्या खुंटाला फूट आली की लगेच खुडायची. आळस केला तर खुंट माजतो, वरचा संत्रा मरतो, आणि शेतकऱ्याला चार-पाच वर्षांनी कळतं की आपण भलतंच झाड पोसलं. उत्तमराव दिवसाला आठशे डोळे बांधायचे. त्यातले साडेसातशे धरले, तर उरलेले पन्नास का गेले म्हणून जेवताना गप्प बसायचे. माणूस असा आहे.

या माणसाला परदेशात पाठवलं ते मी. म्हणजे तिकीट त्यांच्या पोरीनं काढलं, पण आगीत तेल मी ओतलं.

त्यांची पल्लवी माझी विद्यार्थिनी. आमच्या शाळेतून पांढुर्ण्याच्या कॉलेजात, तिथून नागपूरला आणि तिथून थेट स्पेनमधल्या सेव्हिल शहरात विद्यापीठात संशोधक. जंतूंवर काहीतरी काम करते. मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण गावभर सांगत फिरायला कळावं लागतं कुठे? तर ही पल्लवी दोन वर्षं तिथे एकटी राहत होती आणि दर रविवारी फोनवर हसत होती.

डिसेंबरात शांताबाई, म्हणजे उत्तमरावांच्या सौभाग्यवती, तिगावला एका लग्नाला गेल्या. तिथे पल्लवीची मैत्रीण अर्चना भेटली आणि सहज विचारून गेली, "काकू, पल्लवीचं पोट आता बरं आहे ना? ऑपरेशनचा त्रास तर नाही?" शांताबाईंच्या हातातलं ताट हातात राहिलं. ऑक्टोबरात पोरीचं अपेंडिक्स फुटता फुटता वाचलं होतं आणि तिनं घरी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून शांताबाईंचा एकच प्रश्न. "दार आतून लावलं असन, पोरगी खाली पडली असन, तं दार उघडलं कोनं?" पोरीला विचारायची हिंमत दोघांनाही होईना. तिनं लपवलंय म्हणजे सांगण्यासारखं नाही, असा दोघांनी अर्थ काढला.

दुसऱ्याच्या पोरीबद्दल सल्ला द्यायला मला कधीच वेळ लागत नाही. मी म्हणालो, "उत्तमराव, जाऊन या, आणि येताना तिला घेऊनच या. नागपुरात काय नोकऱ्या नाहीत?" पल्लवीचा करार फेब्रुवारीअखेर संपत होता. पुढच्या तीन वर्षांसाठी सही करायची की नाही ते अठ्ठावीस तारखेपर्यंत कळवायचं होतं. आणि एक गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. बापानं चल म्हटलं तर ती येणार. बारावीनंतर तिला पुण्याला जायचं होतं, उत्तमराव नको म्हणाले, तिनं भरलेला फॉर्म फाडून टाकला होता आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. म्हणजे पोरीचं पुढचं सगळं आयुष्य बापाच्या एका शब्दावर टांगलेलं, आणि तो शब्द पोटात घेऊन बाप जानेवारीच्या शेवटी विमानात बसला. शांताबाईंचे गुडघे गेलेले, त्या घरी राहिल्या.

पुढचं सगळं मला उत्तमरावांनी परत आल्यावर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण मधेच ते हसायला लागायचे.

पहिले चार दिवस ते घरातच बसले. पल्लवी सकाळी आठला जायची, सहाला यायची. तिसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी. तिनं एक किल्ली सुतळीत ओवून त्यांच्या गळ्यात घातली होती आणि पत्त्याची चिठ्ठी खिशात. "बाबा, फिरून या, काही होत नाही," असं ती रोज सांगायची. हे रोज हो म्हणायचे आणि गॅलरीतून खाली पाहत बसायचे. बोलायचं म्हटलं तर भाषा नाही, हरवलो तर कोणाला विचारावं? आपण एकटे इथे चार दिवसांत आंबून गेलो, पोरगी दोन वर्षं कशी राहिली असेल, या विचारानं त्यांचा जीव आणखीच बारीक व्हायचा. तिला घेऊन जायचं, हे मनात पक्कं होत चाललं होतं.

पाचव्या दिवशी दूध संपलं. चहाशिवाय उत्तमराव म्हणजे पाण्याशिवाय मोटर. उतरले खाली.

रस्ता ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे राहिले आणि समोरून भरधाव येणारी गाडी थांबली. यांना वाटलं, बंद पडली. मागचीही थांबली. आतला माणूस हातानं खुणावत होता, जा जा. उत्तमराव मला म्हणाले, "गुरुजी, चाळीस वर्सं मी सायकल घेऊन छिंदवाडा रोडनं चाललो, माह्यासाठी कोनी हॉर्न वाजवायचा थांबला नाही. अन् तिथं आखी गाडी थांबून राहिली!" त्यांनी हात वर करून गाडीवाल्याला जयभीम केला. गाडीवाल्यानंही हात वर केला. दूध घेऊन परत आले तेव्हा पुन्हा गाडी थांबली. मग दूध पिशवीत तसंच ठेवून हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस आणखी दोनदा उगीचच पलीकडे गेला आणि अलीकडे आला.

त्या दिवसापासून चकरा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी एक गल्ली, दुसऱ्या दिवशी दोन. कोपऱ्यावर पावाचं दुकान होतं. दुकानवाली नुकत्याच निघालेल्या पावाचं टोक तोडून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. गरम टोक हातात घेऊन पुढच्या चौकातल्या बाकावर बसायचं, तिथे दहा वाजता ऊन येतं हे त्यांनी तीन दिवसांत हेरलं होतं. त्या बाकावर आणखी एक म्हातारा यायचा. तो काहीतरी बोलायचा, हे मराठीत काहीतरी बोलायचे, मग दोघं ऊन खात गप्प बसायचे. एके ठिकाणी भिंतीतून पिण्याच्या पाण्याची तोटी निघालेली होती. एका खिडकीत रोज तेच मांजर. एक बाई रोज साडेअकराला चादर झटकायची आणि खाली कोणी नाही ना ते आधी वाकून पाहायची. "अन् झटकून झाल्यावर मले पाहून हसे," उत्तमराव म्हणाले, तेव्हा शांताबाई आतून म्हणाल्या, "तुमी रोज साडेअकरालेच कसे जा तिथं?" उत्तमराव चहा पिण्यात दंग झाले.

हा आनंद होता हे त्यांनी मला सरळ सांगितलं. चालताना छातीतलं ओझं कमी व्हायचं. मग घरी येऊन जिना चढताना ते ओझं परत बसायचं, कारण अठ्ठावीस तारीख जवळ येत होती. करारावर अजून सही झाली नव्हती, पोरगी काही विचारत नव्हती, आणि ऑपरेशनचं नावही दोघांपैकी कोणी काढत नव्हतं. रात्री दोघं समोरासमोर बसून वरणभात जेवायचे आणि हवापाण्यावर बोलायचे.

आता झाडांचं सांगतो. सेव्हिलच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी संत्र्याची झाडं आहेत. आपल्याकडे कडुनिंब असतो तशी. फेब्रुवारीत ती फळांनी लगडलेली, खाली सडा पडलेला, आणि कोणी हात लावत नाही. सौंसरच्या माणसाला हे दृश्य सोसणार आहे का? उत्तमरावांनी इकडेतिकडे पाहून एक उचललं, सोललं आणि एक फोड तोंडात टाकली.

थुंकायलाही जागा शोधावी लागली, इतकं कडू. आंबट तर होतंच. दुसऱ्या झाडाचं चाखलं, तेही तसंच. तिसऱ्याचंही. पान चुरगाळून वास घेतला, देठ पाहिला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे खुंटाचं फळ! गावातल्या एकूण एक झाडाचा डोळा मेलेला होता आणि खुंट माजला होता. कुठल्यातरी पन्हेरीवाल्यानं इथल्या नगरपालिकेला हातोहात फसवलं होतं आणि इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बिचारी माणसं इतकी भली, गाड्या थांबवतात, पावाची टोकं वाटतात, आणि रस्त्यांवर ही गत!

ते पल्लवीला बोलले नाहीत. परक्या गावाची अब्रू आपण कशाला काढायची, असा विचार केला. पण हात स्वस्थ बसेनात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा डोळे बांधायच्या हंगामात त्यांची बोटं रिकामी होती. मग फिरता फिरता ते प्रत्येक झाडाशी उकिडवे बसून बुंध्यावर जोड कुठे आहे ते बोटानं चाचपू लागले. चार गल्ल्यांतली एकशे बारा झाडं तपासली. बुंध्यातून निघालेली फूट दिसली की कट्कन खुडून टाकायची. झाड तर गेलंच आहे, निदान जोर तरी वर जाऊ दे, एवढाच हेतू. बाकावरचा म्हातारा हे सगळं पाहत असायचा. एके दिवशी त्यानंही एक फूट खुडून यांच्या हातात दिली.

सतरा तारखेला मात्र लचांड झालं. उत्तमराव पल्लवीच्या इमारतीसमोरच्याच झाडापाशी बसले होते. मूठभर फूट खुडून झाली होती. एवढ्यात मागून कर्कश आवाज आला. ऐंशीच्या घरातली एक बाई, पांढरे आखूड केस, हातात चाकांची पिशवी, यांच्या अंगावर धावून आली आणि तिनं यांचं मनगट धरलं. तोंडाचा पट्टा चालूच. झाडं का मोडतोस, असंच ती विचारत असणार. चार माणसं जमली. पाववाली दुकानातून बाहेर आली. उत्तमरावांना दरदरून घाम फुटला. आपल्याला पोलीस नेणार, पोरीला ऑफिसातून बोलावणार, परक्या देशात पोरीची मान खाली जाणार. चिठ्ठी खिशात होती हेही त्यांना सुचलं नाही. तोंडातून एकच शब्द निघाला, "पल्लवी! पल्लवी!"

बाईनं मनगट सोडलं. यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग गर्दीकडे वळून मोठ्यानं काहीतरी म्हणाली, त्यात 'पापा' आणि 'पल्लवी' एवढं यांना कळलं. पाववाली टाळ्या पिटत हसली. औषधांच्या दुकानातला पोरगा बाहेर येऊन यांचा हात हलवून गेला. कोणी पाठीवर थाप मारली. जमलेल्या सगळ्यांना पल्लवी माहीत होती, आणि आता पल्लवीचा बापही माहीत झाला.

बाईनं यांचा हात धरला तो सोडलाच नाही. लहान पोराला शाळेतून आणावं तशी इमारतीत घेऊन गेली, लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर नेलं. उत्तमराव गळ्यातली सुतळी चाचपत होते, तोवर तिनं आपल्या झग्याच्या खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली निवडली आणि पल्लवीचं दार उघडलं. यांना आत बसवलं, स्वयंपाकघरात गेली, न शोधता फडताळातून पेला काढून पाणी आणून दिलं, गालावर हात फिरवला आणि शेजारच्या दारात निघून गेली.

उत्तमराव मला म्हणाले, "खरं सांगू का गुरुजी, पयले मले रागच आला. माह्या पोरीच्या घराची किल्ली या बाईच्या खिशात कशी? मले मालूम नाही, तिच्या मायले मालूम नाही, अन् हे बाई खुशाल दार उघडून राहिली!" संध्याकाळपर्यंत ते त्याच खुर्चीत बसून होते. पल्लवी आली, चप्पल काढायच्या आत यांनी विचारलं, "तुह्या घराची किल्ली त्या बाईजवळ काहून आहे?"

पल्लवी दारातच उभी राहिली. मग खाली बसली आणि रडायलाच लागली. रडत रडत सगळं सांगितलं. त्या दिवशी पहाटे पोटात कळ आली, उठता येईना. भिंतीवर मुठी मारल्या. पलीकडे हीच बाई, रेमेदियोस. एकटीच राहते. पल्लवीनं राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात तिला किल्ली देऊन ठेवली होती, कारण सौंसरात कुठेही जाताना शांताबाई किल्ली शेजारी देतात, आणि किल्ली कोणाजवळ दिल्याशिवाय कुलूप लावल्यासारखं वाटत नाही, अशी पोरीची सवय. रेमेदियोसनं दार उघडलं, गाडी बोलावली, सोबत गेली. दोन रात्री दवाखान्यात खुर्चीवर बसून राहिली. घरी आणल्यावर बारा दिवस स्वतःच्या हातानं सूप पाजलं. पाववालीनं पाव पाठवला, औषधवाल्या पोरानं गोळ्या वर आणून दिल्या. जानेवारीत रेमेदियोस बहिणीकडे गेली होती, ती कालच आली होती. म्हणून आजवर भेट नव्हती.

"मंग आमाले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हणाले असते, चल घरी," पल्लवी म्हणाली. "अन् मी आली असती, बाबा. तुमी म्हटलं तं मी आताही येतो."

उत्तमरावांनी आधी तिचं ताट वाढलं. तोंडाशी आलेला शब्द गिळायला थोडा वेळ लागतो. मग म्हणाले, "जेवन कर. अन् उद्या ते सही करून टाक."

"नक्की?"

"मी पंधरा दिवस पायी फिरून पाह्यलं. गाव चांगलं आहे."

पोरगी गळ्यात पडली. बारा वर्षांची असताना पडायची तशी, असं सांगताना उत्तमरावांनी चष्मा पुसला. मग त्यांनी हळूच झाडांची गोष्ट काढली, की हे सगळं खरं असलं तरी तुमच्या नगरपालिकेला कोणीतरी फसवलं आहे. पल्लवी आधी डोळे मोठे करून ऐकत राहिली आणि मग इतकी हसली की पोटावरची टाक्यांची जागा दुखायला लागली. ती झाडं मुद्दामच कडू संत्र्याची लावलेली आहेत. सावलीसाठी, फुलांच्या वासासाठी. कोणी कोणाला फसवलेलं नाही. उत्तमरावांना त्याचाही मोठा दिलासा वाटला. उरलेले आठ दिवस ते रेमेदियोसची चाकांची पिशवी ओढत तिच्यासोबत बाजारात जात होते. तिला ते रमाबाई म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

पण शांताबाईंना कळवायचं बाकी होतं. तो फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर होतो. पोरगी परत येणार म्हणून शांताबाईंनी खोली सारवूनसुद्धा ठेवली होती. फोन स्पीकरवर. "येऊन राहिली का पल्लवी?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"नाही," उत्तमराव म्हणाले, आणि दार कोणी उघडलं ते सांगितलं. सगळं, भिंतीवरच्या मुठींपासून सुपापर्यंत.

मी मनातून खजील झालो होतो. नागपुरातल्या नोकऱ्या मीच मोजून दाखवल्या होत्या ना. मला वाटलं, आता शांताबाई माझ्यावर उखडणार. पण त्या फोनजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईले द्या फोन."

"तिले मराठी येत नाही व."

"मले कुठं तिची येते? द्या म्हनलं नं."

फोन दिला गेला. पलीकडून एक जाड, म्हातारा आवाज आला. शांताबाईंनी पदर डोक्यावर घेतला, जणू ती बाई समोर बसली आहे. "बाई, मी पल्लवीची माय बोलून राहिली," त्या म्हणाल्या, आणि डिसेंबरपासून दाबून ठेवलेलं रडू फुटलं. त्या रडत होत्या आणि बोलत होत्या. पोरगी तिखट कमी खाते, तिला थंडी सोसत नाही, दुखलं तरी सांगत नाही, मागं लागून विचारावं लागते. पलीकडची बाई तिच्या भाषेत बोलत होती. दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि एकाच वेळी थांबायच्या. हे दहा मिनिटं चाललं. मी मान खाली घालून फरशी पाहत बसलो, कारण माझेही डोळे भरले होते आणि मास्तराला ते शोभत नाही.

फोन ठेवून शांताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"ते म्हणे, मी हावो न इथं, तू काहून फिकर करतं," त्या मला म्हणाल्या.

"तुम्हाला तिचं समजलं?" मी विचारलं.

"त्याच्यात नाही समजासारखं काय आहे, गुरुजी?" असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.